आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र: बाग काढून घुशी जाणार नाहीत

मा. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, कमिटीचे सगळे मेंबर, आणि ग्रुपवर दर वेळी नुसता अंगठा टाकून मोकळे होणारे बाकीचे फ्लॅटवाले,

स.न.वि.वि.

मागच्या मंगळवारी वॉचमनमामांनी माझ्या हातात एक कागद दिला. त्यात लिहिलंय की "तळमजल्यावरील बागेमुळे आवारात उंदीर व घुशींचा प्रादुर्भाव वाढला असून १५ दिवसांत बाग काढून जागा मोकळी करावी, सोसायटी तेथे पेव्हर ब्लॉक बसवेल." वाचून आधी हसू आलं, मग राग आला, मग चहा केला आणि ठरवलं की ग्रुपवर तीन ओळी टाकून भांडण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहून काढायचं. पत्र लांबणार आहे, तेव्हा दुपारी जेवण झाल्यावर निवांत वाचा.

आधी कबुली देते. माझ्या बागेत घुशी येतात, हे शंभर टक्के खरं आहे. तुम्हाला त्या कधीतरी पार्किंगमधून पळताना दिसतात, मी रोज सकाळी त्यांनी घातलेला गोंधळ निस्तरते. यंदा रताळ्याचा एक वेल हाती लागला नाही, वरून पानं हिरवीगार आणि खाली हात घातला की नुसती साल. टोमॅटो पिकायच्या आदल्या रात्री अर्धा खाऊन ठेवलेला, म्हणजे पूर्ण खाल्ला तरी एक वेळ वाटलं असतं की जाऊ दे, पोट भरलं, पण नाही, सहा टोमॅटोंना एकेक चावा. केळीचा बुंधा खालून इतका पोखरला की घड धरलेली केळ एका पावसात आडवी झाली. ठिबकची नळी तीन ठिकाणी कुरतडली. तेव्हा "बागेमुळे घुशी" असं जेव्हा तुम्ही लिहिता तेव्हा मला कसं वाटतं सांगू का, ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच पोलिसांनी धरून न्यावं तसं.

आता मुद्द्याचं. आपण सगळे सरसकट "उंदीर" म्हणतो, पण आवारात निदान चार वेगवेगळे प्राणी आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. एक ती मोठी, मांजराच्या पिल्लाएवढी, राखाडी, अंगावर राठ केस असलेली घूस. ती जमिनीत बीळ करते, बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो, भिंतीवर वगैरे फारशी चढत नाही. (इंग्रजीतला बॅंडिकूट हा शब्द तेलुगूतल्या "पंदिकोक्कू"वरून गेलाय, अर्थ डुक्कर-उंदीर, आणि एकदा तिला जवळून बघितलं की नाव का पडलं ते लगेच कळतं.) दुसरा सडपातळ, लांब शेपटीचा काळपट उंदीर. हा पाइपवरून, केबलवरून सरसर तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, एसीच्या पाइपाच्या भोकातून घरात शिरतो. सी विंगमध्ये ओट्याखाली जो सापडला तो हा, त्याचा नि माझ्या अळूच्या वाफ्याचा काही संबंध नाही. तिसरी छोटी उंदरं, पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही आत जाणारी, ती बहुतेक आपापल्या घरातच वाढतात, माळ्यावरच्या रद्दीत. आणि चौथी चिचुंद्री. ती तर उंदरांच्या जातीची पण नाही हो! लांब नाक, बारके डोळे, भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत जाते, वास मारते हे मान्य, पण ती खाते झुरळं, किडे, गोगलगायी. मागच्या महिन्यात जिन्याखाली झाडूने मारली आणि "एक कमी झाला 💪" म्हणून ग्रुपवर फोटो टाकला ना, ती चिचुंद्री होती. फुकटात झुरळं खाणारी मारली आणि आता झुरळांचं वेगळं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं चाललंय.

तर बागेत येते ती मुख्यतः घूस. मग प्रश्न येतो की ती येते कुठून, आणि हे शोधायला कुणी तज्ज्ञ लागत नाही, घरात रांगोळी असली की झालं.

मी काय केलं ते सांगते. नोटीस आली त्याच संध्याकाळी बागेतली सगळी बिळं मोजली, अकरा भरली. सगळ्यांच्या तोंडात वर्तमानपत्राचा ओला बोळा कोंबला आणि वर माती दाबली. सकाळी बघितलं तर अकरापैकी फक्त तीन उघडी. म्हणजे आठ जुनी, रिकामी. शेतात पण हीच पद्धत आहे, आमच्या गावाकडे (सातारा जिल्हा) वडील आधी सगळी बिळं बुजवायचे आणि दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच "जिवंत" धरायचे, नाहीतर औषध नि कष्ट दोन्ही फुकट. मग दुसऱ्या रात्री त्या तीन बिळांपासून कंपाउंडच्या कडेकडेने, पार्किंगच्या मागच्या बोळात, आणि कचऱ्याच्या खोलीच्या दारापाशी पांढऱ्या रांगोळीचे पातळ पट्टे टाकले, वीतभर रुंद. वॉचमनमामांनी विचारलं, ताई आज काय विशेष? म्हटलं पाहुणे यायचेत.

रात्री साडेअकरा ते दीड मी व्हरांड्यात खुर्ची टाकून अंधारात बसले होते, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळून, कारण पांढरा उजेड पडला की पळतात. पाऊण वाजता पहिली आली. बागेतून बाहेर नाही गेली, बाहेरून बागेत आली. भिंतीला अंग घासत, थांबत, नाक वर करत. तोंडात काहीतरी पांढरं होतं. सकाळी बघते तर पोळीचा तुकडा, माझ्या जास्वंदीखाली अर्धा पुरलेला. आणि रांगोळीत पावलांचे ठसे एकदम स्वच्छ, मागच्या पायाची पाच बोटं, पुढच्याची चार, आणि मधून शेपटीची बारीक रेघ. सगळ्यात जास्त ठसे कुठे असतील? कचऱ्याच्या खोलीच्या दारात. त्यानंतर पार्किंगमधल्या त्या चेंबरपाशी ज्याचं झाकण टेम्पो चढून तुटलंय आणि ज्यावर आपण गेले दीड वर्ष प्लायवूडचा तुकडा ठेवलाय. तिसरा रस्ता ए विंगच्या मागून, जिथे वरच्या गॅलरीतून रोज सकाळी पारव्यांना ज्वारी आणि तांदूळ टाकले जातात आणि त्यातले निम्मे खाली सांडतात. माझ्या बागेतले ठसे सगळ्यात कमी. फोटो सगळे काढून ठेवलेत, कुणालाही दाखवीन.

म्हणजे त्यांचं जेवण कचऱ्याच्या खोलीत, हायवे आपली ड्रेनेज लाइन, आणि झोपायला माझी बाग कारण माती मऊ आहे. आणि तुम्ही काय करताय, तर बेडरूम पाडताय आणि किचन चालू ठेवताय. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते यालाच.

पेव्हर ब्लॉकचं तर बोलूच नका. ब्लॉकच्या खाली वाळू नाहीतर क्रश टाकतात, ती उकरायला मातीपेक्षा सोपी आणि वरून छप्पर तयार. सहा महिन्यांत ब्लॉक खचतील आणि त्यावर कुणाची तरी गाडी उभी असेल. समोरच्या फुटपाथवर जिथे ब्लॉक बसलेत तिथे एकदा वाकून बघा, कडेला मातीचे ढीग कोणी घातलेत ते.

आता माझ्या चुका. एक, मी तीन वर्षं कंपोस्टच्या खड्ड्यात उरलेला भात, वरण, पोळ्या पण टाकत होते. चुकलंच माझं. शिजवलेलं अन्न उघड्या खड्ड्यात म्हणजे घुशीला लग्नाचं आमंत्रण. आता खड्डा बंद केलाय, त्याऐवजी झाकणाचा ड्रम आणलाय, खालून भोकं आहेत त्याला बारीक लोखंडी जाळी मारली, आणि आत फक्त भाजीची देठं, सालं, वाळका पाला. दोन, कुंड्यांच्या मागे जुन्या विटा, फुटक्या कुंड्या आणि एक मोडकी खुर्ची पडून होती, त्यामागेच एक जिवंत बीळ निघालं. ते सगळं उचललं, भंगारवाल्याने ८० रुपये दिले. तीन, रात्री बाहेरच्या नळाखाली बादली भरून ठेवायचे. आता पालथी घालते. एवढं केल्यावर तीन जिवंत बिळांची एक झाली, दहा दिवसांत, औषधाचा एक कण न टाकता. त्या बुजवलेल्या बिळांमध्ये फुटक्या काचा, खडी आणि वरून सिमेंट घातलंय, ही आपल्या आज्यांची जुनी युक्ती आणि अजून तिला तोड नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात म्हणून तो कुरतडत राहतो, प्लास्टिक, लाकूड, केबल काही सोडत नाही, पण काच आणि सिमेंट एकत्र असलं की शक्यतो वाटेला जात नाही. पाइपांच्या भोवतीच्या फटींना भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून प्लास्टर, आठवड्याच्या बाजारात दहा-पंधरा रुपयांत मिळते.

आता पेस्ट कंट्रोलवर येते कारण माझा खरा राग तिथे आहे.

जूनमध्ये तुम्ही ज्यांना बोलावलंत (नाव घेत नाही), त्यांचा मुलगा आला, पाठीला सॅक, चालता चालता निळ्या वड्या कंपाउंडभर भिरकावत गेला. माझ्या तुळशीच्या कुंडीत पण एक. त्या वड्या ब्रोमॅडिओलोनच्या, त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर लगेच नाही, तीन-चार दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो. मुद्दाम तसं बनवलंय, कारण उंदीर भयंकर संशयी. नवीन वस्तू दिसली की दोन-तीन दिवस लांबून बघणार, मग चिमूटभर चाखणार, आणि त्याला उलटी करता येत नाही म्हणून जास्तच जपून. खाऊन लगेच त्रास झाला तर बाकीचे त्या वस्तूला शिवत नाहीत. म्हणूनच गावाकडे झिंक फॉस्फाइड वापरायचे तेव्हा आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा बिळाशी ठेवायचे, सवय लागली की मग त्यात औषध. त्या काळ्या पावडरीचा पोटात विषारी गॅस होतो आणि त्याला उतारा नाही, म्हणून कृपा करून कुणी स्वतःच्या डोक्याने आणून घरात ठेवू नका. आणि ट्यूबमध्ये मिळणारी ती पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर अजिबात नको, माणसाच्या पोटात गेली तर लिव्हर निकामी होतं आणि तिलाही उतारा नाही. घरात लहान मुलं आहेत आपल्या.

तर त्या निळ्या वड्या. घुशींनी किती खाल्ल्या माहीत नाही, पण बी विंगमधल्या त्या लॅब्रॅडॉरने एक खाल्ली. चौथ्या दिवशी त्याच्या हिरड्यांमधून रक्त यायला लागलं. त्याच्या मालकांची मुलगी दहावीत आहे, ती आणि मी रिक्षातून त्याला डॉक्टरांकडे नेलं, वड्यांचं पाकीट कचऱ्यात शोधून बरोबर नेलं म्हणून डॉक्टरांना लगेच कळलं. या विषाला व्हिटॅमिन के वन हा उतारा आहे, महिनाभर गोळ्या चालल्या, वाचला. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावर एक शब्द नाही. उलट बिलात "उंदीर नियंत्रण, ३ व्हिजिट" आणि पुढे रक्कम. किती मेले, कुठे मेले, कुणी मोजले? २०१८ साली विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयातले ३,१९,४०० उंदीर सात दिवसांत मारल्याचा हिशोब काढला होता आठवतंय ना, महाराष्ट्रभर हसू झालं होतं, आणि मग सरकारकडून खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नाही, औषधाच्या गोळ्यांचा आहे. आपल्याकडे पण तेच, औषध किती टाकलं याचं बिल येतं, उंदराचं काय झालं ते कुणी विचारत नाही.

मुंबईत माझा भाऊ परळला राहतो, तो सांगतो की तिथे महापालिकेची रात्रीची माणसं आहेत, एका हातात टॉर्च एका हातात काठी, रात्रीत ३० उंदरांचं टार्गेट, आणि सकाळी मेलेले मोजून द्यायचे, त्यातले काही प्लेगच्या तपासणीसाठी हाफकिन संस्थेत जातात. त्या कामाचा मला अजिबात हेवा नाही, पण निदान तिथे मोजतात तरी.

आणि ते चिकट पुठ्ठे. ते कुणी आणले ते मला माहितीये पण नाव घेत नाही, त्यांना पण कळेल. माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेल्या पुठ्ठ्यावर खारीचं पिल्लू चिकटलं होतं. सकाळी सहाला आवाज आला म्हणून गेले तर त्याची एक बाजू पूर्ण चिकटलेली आणि आई वर पेरूवर बसून ओरडतेय. अर्धा तास लागला. जुन्या साडीच्या तुकड्यात धरलं, गोडंतेल थेंब थेंब सोडत एकेक पाय सोडवला, शेपटीचे निम्मे केस तिथेच राहिले. सुटलं, गेलं, जगलं की नाही कल्पना नाही. त्या पुठ्ठ्यावर त्याच्याशिवाय दोन पाली आणि एक सुरवंट होता, उंदीर एक पण नाही. अशा पुठ्ठ्यांवर देशातल्या काही राज्यांनी बंदीचे आदेश काढलेत. आपण बंदीची वाट कशाला बघायची.

बरं, आता एक जुनी गोष्ट काढते, रागवू नका. गेल्या वर्षी मे महिन्यात पार्किंगमध्ये साप निघाला म्हणून आरडाओरडा झाला आणि चार जणांनी मिळून काठ्यांनी मारला. मी भाजी घेऊन परत येईपर्यंत संपलं होतं. ती धामण होती, सहा फुटांच्या वर. बिनविषारी. तिचं मुख्य खाणं उंदीर, आणि ती बिळात शिरून पिल्लांसकट खाते, जे काम मांजर नाही करू शकत. (आपली मांजरं तर घूस समोरून आली की वाट देतात, मी स्वतः बघितलंय, आणि बिचाऱ्यांना सी विंगमधून रोज दूध-पोळी मिळते, त्या कशाला अंगावर घेतील.) वन्यजीव कायद्याने धामण मारणं गुन्हा आहे हे राहू दे बाजूला, पण त्या आधी तीन पावसाळे मला घुशींचा एवढा त्रास नव्हता आणि त्यानंतर हा असा. आता एका धामणीमुळेच सगळं झालं असं मी म्हणत नाही, कचऱ्याची खोली पण त्याच सुमारास उघडी राहायला लागली. पण पुढच्या वेळी साप दिसला तर सर्पमित्राला फोन करा, नंबर वॉचमनमामांच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावलाय मी. तसंच समोरच्या जुन्या बंगल्यात गव्हाणी घुबडांची जोडी आहे, पांढऱ्या बदामी तोंडाची. रात्री ओरडली की अपशकुन म्हणून फटाके लावतात वरचे लोक. अहो, ती येतात ती आपल्याच उंदरांसाठी! आणि वडीचं विष खाल्लेला सुस्त उंदीर त्यांनी उचलला तर ते विष त्यांच्या पोटात. म्हणजे आपण पैसे देऊन आपलेच फुकटचे नोकर मारतोय.

मी विषाच्या पूर्ण विरोधात आहे असं समजू नका. घुशी माजल्या की लागतं. पण कुलूपबंद डब्यात, फक्त जिवंत बिळापाशी, भिंतीच्या कडेला, आणि रोज सकाळी बघून मेलेले उचलून. आणि त्याआधी अन्न बंद करून, कारण शेजारी पंचपक्वान्नं वाढलेली असताना तुमची निळी वडी खाणार कोण? उंदराची मादी एकवीस-बावीस दिवसांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. खायला आहे तोवर तुम्ही दहा मारा, जागा रिकामी झाली की पलीकडच्या प्लॉटवरून बारा येतील.

लोक हसण्यावारी नेतात, "गणपतीचं वाहन आहे हो" म्हणतात, (गणपती तोंडावर आलेत म्हणून यंदा जरा जास्तच), म्हणून दुखण्याचं पण सांगते. आपल्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी साचतं आणि मुलं त्यात उड्या मारतात. त्यात उंदरांची लघवी मिसळलेली असते, पायाला खरचटलं असेल तर तिथून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू शिरतात. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली, तेव्हा माझ्या भावाच्या चाळीत ताप आला की लोकांची झोप उडायची. साचलेल्या पाण्यातून गेलात आणि नंतर अंगदुखीसकट ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आवर्जून सांगा, वेळेत औषध मिळालं तर बरं होतं. मी बागेत हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय आता पाऊल ठेवत नाही, आणि मेलेला उंदीर कधी हाताने उचलत नाही, पिशवी उलटी हातात घालून उचलते. आमची आजी सांगायची की तिच्या लहानपणी घरात उंदीर पडला म्हणजे मरून पडला की भांडीकुंडी उचलून माळावर झोपडी करून राहायला जायचं, प्लेगच्या भीतीने. पुण्याला हे कुणी सांगायची गरज नाही, १८९७ च्या साथीत सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या त्या इथेच. आणि फार लांब कशाला, १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला, आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी घरं सोडली, आत धान्य तसंच राहिलं, उंदीर माजले असं तेव्हा सांगितलं गेलं. पुन्हा तेच, घरात धान्य होतं आणि राखायला माणूस नव्हता. बाग कुठे होती तिथे?

आता माझं मागणं. फार नाही.

कचऱ्याच्या खोलीला खालून पत्रा मारलेलं दार बसवा, दाराखाली बोटभर पण फट नको, आणि ओल्या कचऱ्याचे ड्रम झाकणाचे घ्या. गाडी सकाळी साडेसातला येते तर कचरा रात्री नऊपासून बाहेर पडून का असतो, सकाळी सातला बाहेर काढायचा, मावशींना त्यासाठी दोनशे रुपये जास्त द्यावे लागले तर द्या, पेस्ट कंट्रोलच्या एका व्हिजिटमध्ये त्यांचा वर्षाचा हिशोब निघेल. चेंबरचं झाकण लोखंडी घाला, याच महिन्यात, प्लायवूड नको. ड्रेनेजच्या तोंडांना जाळ्या. ए विंगच्या काकूंना मी स्वतः भेटले, त्या म्हणाल्या की सासूबाई गेल्यापासून रोज पारव्यांना दाणे टाकते, नेम आहे. त्यांना मी नेम मोडा असं नाही म्हणाले. म्हटलं पाणी ठेवा, दाणे मूठभरच आणि सकाळी तुमच्यासमोर संपतील एवढेच, खाली सांडले तर मी झाडते. हो म्हणाल्यात. बघू. वरच्या मजल्यावरच्यांनी एसीच्या भोकांना सिमेंट लावून घ्या, माझ्या घासण्या उरल्यात, देते.

आणि बाग. बाग मी काढणार नाही. बावीस वर्षं झाली, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी कढीपत्ता माझ्याकडून जातो, गौरीला आघाडा, केळीची पानं आणि तेरडा पण. कडेच्या गिरिपुष्पाला तुम्ही नोटिशीत "उंदरांना आश्रय देणारे झाड" म्हटलंय. त्याला आपल्याकडे उंदीरमारी पण म्हणतात हे सांगायला मला भारी मजा येतेय. त्याचं लॅटिन नाव ग्लिरिसिडिया, त्याचाही अर्थ तोच, कारण त्याच्या साली-बिया धान्यात शिजवून मध्य अमेरिकेत उंदरांना घालायचे. माझ्याकडे ते फक्त कुंपणाला आणि पाला खताला, उंदीर काही त्याला घाबरत नाहीत, खोटं कशाला बोलू. पण जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच्या फांद्या मी छाटल्यात, खालून आरपार दिसतं आता, लपायला जागा नाही. अळू पण भिंतीपासून दोन फूट पुढे आणलंय, भिंतीची कड मोकळी, कारण घूस कडेनेच चालते आणि कड उघडी असली की बिचकते. एवढं मी माझ्या बाजूचं केलंय.

डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल, ते भिंतीत लावायचं आवाजाचं मशीन, हे सगळं मी करून बघितलंय, विचारू नका. मशीनच्या वर बसून एक उंदीर मिशा साफ करत होता.

रविवारी सकाळी नऊला मी पार्किंगच्या चेंबरपाशी उभी असेन, टॉर्च आणि रांगोळीचे फोटो घेऊन. कमिटीतलं कुणीतरी एक या, फक्त एक, आणि ते प्लायवूड उचलून आत बघा. मग पेव्हर ब्लॉकचं बोलू. पिंजरा माझ्याकडे दोन आहेत, एक घुशीचा मोठा, हवा त्याने न्या, वापरून झाला की गरम पाण्याने धुऊन परत आणा. आत टोमॅटो-बिमॅटो लावू नका, त्याला कोणी भुलत नाही. कांदाभजी लावा, नाहीतर सुकटीचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा म्हणजे ओढावा लागेल आणि दार पडेल. भजी मात्र ज्याची त्याने आणायची.

आपली,
बी विंग, तळमजला, बागवाली काकू